जपानीच्या वाटेवर इंग्रजीचा टोलनाका

'इत्ते किमास' म्हणजे काय, असं विचारलं की आमच्याकडच्या क्लासमधला मुलगा वहीत 'आय ॲम गोइंग' लिहितो. मुलगा कराडचा. घरातून निघताना तो कधी नुसतं 'जातो' म्हणालेला नाही. म्हणाला असता तर आजीनं उंबऱ्यावरच अडवून 'येतो म्हण' असं सुनावलं असतं. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो. शब्दाला शब्द. एवढी सरळ वाट सोडून पोराला इंग्रजीच्या वळशानं कोण नेतं आणि का?

२०२१ साली भारत आणि जपानमध्ये कुशल कामगारांसाठी करार झाला. सातारा-सांगलीकडची इंजिनियर पोरं जपानी शिकतातच, आता नर्सिंगवाल्या आणि आयटीआयवालेही शिकतात. यातले बरेच मराठी माध्यमातले. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं दुसऱ्याच महिन्यात क्लास सोडला. तिला जपानी जड गेलं नव्हतं, जपानीचा इंग्रजी अर्थ जड गेला होता. सरांचा शेरा : 'भाषेचं अंग नाही.' मला हा शेरा संतापजनक वाटतो.

कारण अंग होतंच. 'ताबेते मिरू' म्हणजे खाऊन बघणं. 'कात्ते ओकू' म्हणजे विकत घेऊन ठेवणं. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसलो. मिरू म्हणजे खरोखरच बघणं, ओकू म्हणजे ठेवणं. आपण 'करून बघ', 'आणून ठेव' म्हणताना जे करतो तेच जपानी माणूस करतो. क्रियापद शेवटी येतं तेही आपल्यासारखंच. इंग्रजीतून हेच शिकवायचं तर तीन वेगळे नियम लागतात : प्रयत्न, पूर्वतयारी, खेद. पोरं नियम पाठ करतात आणि बोलताना गप्प बसतात.

उच्चारांचीही तीच गत. जपानी 'त'च्या ओळीत ता, चि, त्सु, ते, तो असे आवाज येतात. रोमन अक्षरं बघून मुलं 'टसू' म्हणतात. अरे, चुन्यातला चु म्हण की! 'चिंच'मधला चि वेगळा आणि 'चुना'मधला चु वेगळा, हे मराठी जिभेला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा हिरागानाचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलाय. आपल्याच बाराखडीचा चुलतभाऊ आपण एबीसीडीतून ओळखायचा, म्हणजे कमाल आहे.

शब्दयादीत तर 'राइस' हा एकच शब्द. जपानीत उभं पीक इने, तांदूळ कोमे, ताटातला भात गोहान. पाटण-शिराळ्याच्या पोरानं खाचरात रोप लावलंय, भात झोडपलाय, तांदूळ निवडलेत. त्याला हे वेगळे शब्द का, असा प्रश्नच पडणार नाही. गोहानचा अर्थ जेवण असाही होतो. आमच्याकडे 'भाकरी खाल्ली का?' म्हणजे जेवलास का, तसंच ते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : मराठी सगळीकडे पुरणार नाही. बरोबर. मी दुसऱ्याला दिलं तर आगेरू, दुसऱ्यानं मला दिलं तर कुरेरू. आपलं 'देणं' मात्र एकच. पण मग 'गिव्ह' तरी किती आहेत? इथं दोन्ही भाषा अडतात आणि शिक्षकानंच फळ्यावर बाण काढून दाखवावं लागतं. तो बाण मराठीतही काढता येतो.

दुसरं उत्तर : पुस्तकंच इंग्रजी आहेत. 'मिन्ना नो निहोंगो'चे अनुवाद आणि व्याकरणाची पुस्तकं व्हिएतनामी, थाई, इंडोनेशियनमध्येही निघतात. त्या देशांतल्या पोरांना आधी इंग्रजी शिकून या, असं कुणी सांगत नाही. आणि जेएलपीटीत एन-५ पासून एन-१ पर्यंत एकाही वाक्याचं इंग्रजी भाषांतर लिहावं लागत नाही. आयटीत इंग्रजी लागतं, मलाही रोज लागतं. पण जपानातल्या वृद्धाश्रमात आजोबांना उठवून बसवणाऱ्या मुलीला ते कशासाठी लागणार आहे?

'योरोशिकु ओनेगाइशिमास'पुढे वहीत 'नाइस टू मीट यू' लिहून घेतात. सांगलीच्या बाजारपेठेत नवं दुकान टाकणारा माणूस हात जोडून जे म्हणतो, ते तिथं लिहा : 'लक्ष असू द्या.'