औषध कोणासाठी?

पारनेरच्या आमच्या नववीच्या वर्गात परवा एका मुलीने विचारले, "सर, गांजाच्या झाडाचे तेल स्वमग्न मुलांना देतात म्हणे. माझ्या मामेभावाला द्यावे का?" वर्गात हशा पिकला. पण विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

१८३९ च्या सुमारास कोलकात्यात डॉ. ओशॉनेसी यांनी आधी प्राण्यांवर प्रयोग केले. मग झटके येणाऱ्या ४० दिवसांच्या मुलीला त्यांनी याच झाडाचा अर्क थेंबाथेंबाने दिला. ती बरी झाली. परंतु एका रुग्णावरून नियम ठरत नाही. झटके कधी आपोआपही थांबतात. या झाडातील कॅनाबिडिऑल या घटकाचे शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले, तेही अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी. नशा आणणारा घटक निराळा आहे.

स्वमग्नतेचे काय? इस्राएलमध्ये ५ ते २१ वर्षांच्या १५० जणांवर चाचणी झाली. तीत काही काळ खरे औषध, तर काही काळ तसेच दिसणारे पण औषध नसलेले तेल दिले गेले. २०२१ साली निष्कर्ष आले: काही मोजमापांत सुधारणा दिसली, काहींत नाही. काहींना झोप येऊ लागली, भूक मंदावली. म्हणजे आशा आहे, सिद्धता नाही.

कोणी म्हणतील, "झाडपाल्याने काय होते?" धोतराही झाडपालाच आहे! भांगेची नुसती पाने १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील व्याख्येबाहेर आहेत, पण कायद्याची मोकळीक म्हणजे गुणाची खात्री नव्हे.

माझ्या मते खरा प्रश्न संमतीचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार प्रयोगात पालकांच्या संमतीबरोबरच ७ वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार लागतो. जे मूल बोलत नाही, त्याने चमचा दूर लोटला तर तो नकार मानायला हवा. औषध त्याचे दुखणे कमी करण्यासाठी आहे, की ते गप्प बसावे म्हणून? दुसरे कारण असेल तर ती आपली सोय झाली, उपचार नव्हे. मात्र गांजाचे नाव वाईट म्हणून संशोधनच नको म्हणणे, हाही त्या मुलांवर अन्यायच.

त्या मुलीला मी म्हणालो, "मामींना सांग, बाटली परस्पर आणू नका. नगरला किंवा पुण्याला तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. त्याचा दात दुखतो का, पोट दुखते का, रात्री झोप लागते का, हे आधी पाहा." वर्गात आता कोणी हसत नव्हते.