विश्लेषण : अमेरिकेतील ६४ कोटी एकर जमीन कोणाची?

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील सुमारे ८० टक्के जमीन वॉशिंग्टनमधील केंद्र सरकारच्या मालकीची आहे. शेजारच्या युटामध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक, तर पूर्वेकडील कनेक्टिकटमध्ये एक टक्काही नाही. देशभरात अशी जमीन सुमारे ६४ कोटी एकर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक भरते. ती राज्यांना द्यावी, अशी मागणी पश्चिमेकडे पुन्हा जोर धरते आहे.

हे घडले कसे?
पश्चिमेकडील प्रदेश केंद्राने खरेदी, युद्ध आणि करारांतून मिळवला. मूलनिवासींकडून तो बहुतेक ठिकाणी बळानेच घेतला गेला. १८६२च्या कायद्याने शेतकऱ्यांना १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळू लागली. पण वाळवंट, डोंगर कोण नांगरणार? ती जमीन केंद्राकडेच उरली. १८९६मध्ये राज्याचा दर्जा घेताना युटाने तिच्यावरील हक्क सोडल्याचे लिहून दिले होते. ही जमीन यापुढे साधारणपणे केंद्राकडेच राहील, असे धोरण १९७६च्या कायद्याने ठरवले आणि पश्चिमेत असंतोष भडकला.

युटाचे म्हणणे काय?
उद्याने, वने किंवा लष्करासाठी राखीव नसलेली १ कोटी ८५ लाख एकर जमीन केंद्राने कायमची अडवून ठेवू नये, असा दावा युटाने ऑगस्ट २०२४मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात केला. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. युटाची तक्रार मात्र खोटी नाही. केंद्राच्या जमिनीवर स्थानिक मालमत्ता कर लागत नाही. त्याबदल्यात मिळणारी रक्कम दरवर्षी काँग्रेसच्या मर्जीवर असते आणि चराई, खाणी, रस्ते यांचे निर्णय दूरवर होतात.

मग जमीन राज्यांना का देऊ नये?
नेवाडाचेच उदाहरण पाहावे. शाळांच्या खर्चासाठी केंद्राने या राज्याला सुमारे २७ लाख एकर जमीन दिली होती. त्यातली जेमतेम तीन हजार एकर आज राज्याकडे आहे, बाकीची विकली गेली. राज्यांना जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो. वणव्यांच्या एका वाईट वर्षाचा खर्च अंगावर पडला, की विक्रीचा मोह टाळणे कठीण. वॉशिंग्टनवर चिडलेल्या पशुपालकांचाही यात तोटाच आहे. केंद्राच्या कुरणात एक गाय आणि तिचे वासरू महिनाभर चारायला २०२५मध्ये १.३५ डॉलर पडत होते. खासगी कुरणाचे भाडे याच्या कित्येक पट असते.

जून २०२५मध्ये युटाचेच सिनेटर माइक ली यांनी २० ते ३० लाख एकर जमीन विकण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाला मते देणारे शिकारी आणि मासेमार विरोधात उभे राहिले. महिना संपण्याआधी प्रस्ताव मागे घेतला गेला. बुडालेल्या कराची भरपाई वाढवून ती कायद्याने कायमची बांधून देणे अधिक स्वस्त आणि न्याय्य ठरेल. त्यासाठी युटाला न्यायालयाची नव्हे, काँग्रेसमधील आपल्याच प्रतिनिधींची गरज आहे.