तीन वर्षांच्या पोराला नापाक म्हणू नका

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. शू लागली की स्वतः मोरीत जातो, दिवसा चड्डी कोरडी असते. शी मात्र काही केल्या करत नाही. लागली की दाराआड जाऊन उभा राहतो, पाय आवळतो आणि डायपर मागतो. रमजानच्या आधी घरात ठरलं की आता डायपर बंद. दुसऱ्याच दिवशी चड्डीत झाली. त्याची दादी असरच्या नमाजला उभी राहत होती. हा तसाच धावत तिच्याकडे गेला. ‘‘नापाक कुठला! जायनमाजला हात लावू नको,’’ दादी ओरडली.

त्यानंतर पाच दिवस पोराने शी केली नाही. सहाव्या दिवशी झाली तेव्हा खड्यासारखी, सोबत रक्ताचा ठिपका. बहिणीने मला फोन केला तेव्हा मागे त्याचं रडणं ऐकू येत होतं.

अशा वेळी ‘वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असतो’ म्हणून विषय संपवायची आपल्यात रीत आहे. मला तो संपवायचा नाही, कारण हे एका घरातलं नाही. मी उर्दू शाळेत शिकवते. पहिलीत येणाऱ्या मुलांत दरवर्षी एकदोन अशी असतात, जी संडासाचं नाव काढलं की मान खाली घालतात. एका मुलाची अम्मी मला सहज सांगून गेली, ‘‘मांडीला चटका दिला, तेव्हा सुधारला.’’ सुधारला नव्हता. शाळेत तो चार तास दाबून बसायचा.

आधी दीनचं बोलू, कारण मारायला हत्यार तिथूनच उचललं जातं. मलमूत्र नजासत आहे, यावर वाद नाही. ते लागलेला कपडा धुवावा लागतो, जागा धुवावी लागते. बालिग होईपर्यंत मूल मुकल्लफ नसतं, त्याच्यावर गुनाह लिहिला जात नाही, हेही मकतबात आपण सगळे शिकलो. मग चड्डीची नजासत पोराच्या नावावर कोणी चढवली? मस्जिदे नबवीत एक खेडवळ माणूस, चांगला मोठा माणूस, लघवीला बसला तेव्हा सहाबा त्याच्यावर धावले. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना थांबवलं, त्याला पुरतं होऊ दिलं, जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हे आहे. तान्ह्या बाळाने अंगावर शू केली तर त्यांनी पाणी मागवलं, एवढंच. नात उमामा हिला तर नमाजमध्ये खांद्यावर घेतलं. या सुन्नतीवर आपल्याकडे किती बयानं होतात? तहारतवर मात्र तासभर होतं आणि त्यात डायपर वापरणाऱ्या आयांना ‘आजकालच्या आळशी औरती’ म्हणून दोन शब्द ठेवलेलेच असतात.

आता शरीराचं. मोठ्या आतड्यात शी जितकी जास्त वेळ राहते तितकं तिच्यातलं पाणी शोषलं जातं. ती कडक होते. कडक शी दुखते. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी दाबून धरतं, म्हणजे ती आणखी कडक. टाचा उचलून, पाय आवळून उभं राहणारं पोर जोर करतंय असं आपल्याला वाटतं; बहुतेकदा ते अडवत असतं. फार दिवस चाललं की आतडं ताणलं जातं, शी आल्याचं नीट कळत नाही, कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. आपण म्हणतो, मुद्दाम करतो, आणि धपाटा घालतो.

बी.एड.ला आम्ही एरिक्सन शिकलो होतो. दीड ते तीन वर्षांच्या मुलासमोरचा प्रश्न त्याने स्वायत्तता की लज्जा व संशय असा मांडला. दहा मार्कांना लिहिलं आणि विसरलो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने आम्हा शिक्षकांना मुलांना मारायला आणि मानसिक छळ करायला मनाई केली. तीन वर्षांच्या मुलासाठी घरात असं कलम लागू नाही. आणि ज्या नर्सऱ्या ‘मूल संडासाला सांगत असेल तरच प्रवेश’ म्हणतात, त्यांनी तर ही सगळी घाई आईच्या डोक्यावर आणून ठेवली आहे. बहिणीलाही जूनची तारीख तशीच मिळाली होती. जून गेला. काही बिघडलं नाही.

डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते शी मऊ करायचं औषध देण्याचं. दोन दिवसांत गुण आला म्हणून परस्पर बंद करू नका, काही आठवडे लागतील, असं बजावलं. दूध कमी केलं. पोरगं दुधावरच जगत होतं. पपई, डाळ, पाणी वाढवलं. डायपर परत दिला, पण अट एकच, तो घालून मोरीतच उभं राहायचं. मग घालूनच छोट्या भांड्यावर बसायचं. मग सैल सोडून. घरातला भारतीय संडास त्याला विहिरीसारखा वाटत होता, आणि त्याच्या पायांना तेवढं अंतर पुरतही नव्हतं; म्हणून भांडं जमिनीवर, पाय टेकलेले. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, तेव्हा पाच मिनिटं बसवायचं, झाली नाही तर उठू द्यायचं. दर अर्ध्या तासाने ‘शी आली का?’ विचारणं पूर्ण बंद. आत जाताना डावा पाय, बाहेर येताना उजवा, हे मात्र त्याला फार आवडलं. आता तो मलाही टोकतो, ‘‘खाला, उजवा!’’

दादीचं मन वळवायला सगळ्यात वेळ लागला. मस्जिदीतला तो किस्सा मी तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ठाऊक आहे मला.’’ ठाऊक होताच. बयानात ऐकलेला होता. पण तो मोठ्यांच्या सबुरीचा किस्सा म्हणून ऐकला होता. घरातल्या पोराशी त्याचा संबंध कोणी जोडून दिला नव्हता. इमामसाहेब, हे काम तुमचं आहे. पुढच्या जुम्याला दहा मिनिटं द्या.

आठवड्यातून पाच दिवस तो भांड्यावर करतो. उरलेले दोन दिवस डायपर मागतो, बहीण देते. रात्रीचा तर अजून चालूच आहे आणि त्याची कोणी मोजदाद ठेवत नाही. परवा मगरिबला दादीच्या शेजारी जायनमाजच्या कडेला बसून तो तिची तस्बीह ओढत होता. ती ‘‘अरे तुटेल’’ म्हणाली.