यादीबाहेरच्या भाषा

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली, तरी गावाने सोडली नाही. आपण सांगली-साताऱ्याचे प्राथमिक शिक्षक ही बातमी ‘आदिवासी भागातली’ म्हणून बाजूला ठेवतो. पण आष्ट्यासह वाळवा तालुक्यातल्या मोठ्या गावांत कैकाडी, वडार समाजाची घरं आहेत आणि त्यांची मुलं आपल्याच पटावर आहेत.

कैकाडी भाषा तमिळच्या गोतातली, वडारी तेलुगूच्या. जनगणनेतही त्या तमिळ-तेलुगूच्या बेरजेत जातात. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे कैकाड्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण चारचौघांत आपली भाषा बोलायचा धसका घराघरात उरला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या आत्मकथनाने १९८० साली कैकाड्यांचं हे जगणं मराठीत आणलं. कैकाडी भाषा मात्र अजून शाळेच्या दाराबाहेरच आहे.

आदिवासी भाषांतली सरकारी पुस्तकं गोंडी, कोरकूपर्यंत जातात. आपल्याकडे अनुसूचित क्षेत्र नाही, आणि हे समाज इथे विमुक्तांत मोडतात. म्हणजे जे करायचं ते वस्तीनं आणि वस्तीजवळच्या शाळेनंच. न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ पासून बालवाड्या काढून तिथे म्हाताऱ्या माणसांना मुलांशी माओरीतच बोलायला बसवलं. सुरुवात घरच्याच माणसांनी केली.

आपल्याकडच्या वस्तीतली टोपली विणणारी कैकाडी आजी फोक निवडते, सोलते, भिजवते, बूड बांधते, कड वळते. या कामांचे शब्द तिच्या भाषेत आहेत. प्लास्टिकच्या पाट्या आल्या, विणकाम मागे पडलं आणि ते शब्द नातवंडांच्या कानावर पडेनासे झाले. वस्तीला विचारून तिला वर्गात बोलवा. टोपली पुरी होईपर्यंत ती तिच्याच भाषेत बोलू दे. पोरं मोबाइलवर रेकॉर्ड करतील, वहीत देवनागरीत उतरवतील. एखादा उच्चार देवनागरीत बसला नाही, तर त्याची खूण वस्तीनंच ठरवावी, आपण नव्हे. काही शब्द बाहेरच्याला सांगायचे नसतात. ते मागू नका. वही शाळेच्या कपाटात कोंडू नका, निदान एक प्रत वस्तीत राहू द्या.

अशी वही कुणी सुरू केली असेल तर जरूर कळवा. पुढच्या अंकात तिच्यासाठी पानं राखली आहेत. मजकूर सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याच्याच नावाने छापू, शिक्षकाच्या नव्हे.