मेल पोहोचले, कारकून वाटेतच

२०२५च्या जुलैत ‘नायरा एनर्जी’ या तेल कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचे आउटलुक आणि टीम्स अचानक बंद पडले. यंत्रात बिघाड नव्हता. पैसे तर आगाऊ भरलेले आहेत, असे कंपनी सांगत होती. गुजरातेत वाडिनारला वर्षाकाठी दोन कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा वाटा आहे. त्यावरून युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध लादले आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात मेलसाठी कंपनीने आधार घेतला तो रेडिफचा. मराठी घरांतल्या एका अख्ख्या पिढीने सायबर कॅफेत बसून ज्यावर पहिला मेल-पत्ता काढला आणि मग पासवर्ड विसरून टाकला, तेच हे मुंबईचे रेडिफ.

दिल्लीत वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते दोन महिन्यांत दिसले. सप्टेंबरात केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले दस्तऐवज, तक्ते आणि सादरीकरणे झोहो या भारतीय कंपनीच्या संचावर हलवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस संच वापरायला सांगितले, ८ ऑक्टोबरला गृहमंत्री अमित शहांचा झोहोवरचा नवा मेल-पत्ता आला. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेलखाती, त्यात पंतप्रधान कार्यालयही आले, सरकारच्याच एनआयसीच्या यंत्रणेवरून झोहोच्या यंत्रणेवर गेली. याचे सात वर्षांचे कंत्राट मात्र २०२३ सालीच दिले गेले होते. म्हणजे नायराचा धक्का बसण्याआधीच गाडी सुटली होती. धक्क्याने तिला फक्त टाळ्या मिळाल्या.

त्यानंतर जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी ‘स्वदेशी की विदेशी’ एवढ्याच रिंगणात फिरली. चेन्नईत मुख्यालय असलेली, १९९६ साली ‘ॲडव्हेंटनेट’ नावाने सुरू झालेली झोहो जगभर ग्राहक मिळवते आणि तिचे संस्थापक श्रीधर वेंबू तेनकाशीजवळच्या खेड्यातून काम करतात, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण सरकारी कार्यालय असो, जिल्हा सहकारी बँक असो की शिक्षणसंस्था, तिने ऑफिस संच बदलायचे ठरवले की पहिला प्रश्न मालकाच्या गावाचा नसतो. फायली कोणत्या रूपात ठेवल्या आहेत, उद्या त्या बाहेर काढता येतील का, आणि ज्याने रोज त्यात हात घालायचा त्या कारकुनाला विचारले आहे का, हे आधीचे प्रश्न आहेत. आपल्याकडे ते सहसा निविदा निघून गेल्यावर आठवतात.

मेल हलवणे त्यातल्या त्यात सोपे. पत्ता तोच राहतो, जुनी पत्रे रातोरात उपसून नव्या टाकीत भरली जातात, सकाळी पडद्याचा रंग तेवढा वेगळा दिसतो. खरी कसोटी लागते ती आस्थापना शाखेतल्या टेबलावर. तिथे दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी हौशी लिपिकाने बनवलेला एक एक्सेल तक्ता असतो. महागाई भत्त्याचा नवा दर एका चौकोनात टाकला की अख्ख्या कार्यालयाचा फरक तो काढून देतो. बनवणारा बदली होऊन कधीच गेला. आतली मॅक्रोची आज्ञावली कोणाला कळत नाही, तिला हात लावायची छाती कोणाला होत नाही, आणि दर सहा महिन्यांनी तिच्यावाचून चालत नाही. मॅक्रो म्हणजे एक्सेलला त्याच्याच बोलीत दिलेल्या सूचना. गूगल शीट्सला ती बोली येत नाही, तिथे सगळे नव्याने लिहावे लागते. इतर संचांना थोडीफार येते, पण ‘थोडीफार’ या शब्दावर पगारबिल कोणी काढत नाही.

मराठी कार्यालयांत याहून जुने एक दुखणे आहे. त्याचे नाव फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधीची कित्येक वर्षे आपले पत्रव्यवहार श्री-लिपीत, कृतिदेवमध्ये किंवा पुण्याच्या सी-डॅकने दिलेल्या ‘डीव्हीबी’ घराण्यातल्या योगेश-सुरेख अशा फॉन्टमध्ये झाले. या जुन्या फॉन्टची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. काना एका कळीवर, वेलांटी दुसरीवर, अर्धा क तिसरीवर. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ असते. त्याच संगणकावर, तोच फॉन्ट असेतोवर सगळे झकास. फाइल ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संचात चढवली की तिथे बहुधा सेवा देणाऱ्याकडे असतील तेच फॉन्ट मिळतात, आणि २००४ सालचा जमीन वाटपाचा आदेश स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणांचा कचरा होऊन समोर येतो.

बरे, पीडीएफ करून ठेवला तर दिसेल तरी. पण मग क्लाउडचा मोठा फायदा, म्हणजे लाखो कागदांतून हवा तो शब्द क्षणात शोधणे, तो जातो. ‘फेरफार’ असे टाइप करून शोधायला जावे तर जुन्या हजारो नस्तींपैकी एकही हाती लागत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने त्यांत ‘फेरफार’ हा शब्दच नाही. फॉन्ट बदलून देणारी परिवर्तके आहेत आणि चांगली चालतात, पण जोडाक्षरांवर आणि रफारावर ती अडखळतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीच्या अहवालात समुद्र घुसतो. ‘ऱ्या’तला तो अर्धचंद्रासारखा र हिंदीला फारसा लागत नाही, मराठीला पावलोपावली लागतो. देवनागरीची चाचणी म्हणून हिंदीचा एक परिच्छेद टंकून ‘चालते’ असा शेरा मारणाऱ्यांना हे उमगत नाही. ल आणि श मराठी वळणाचे उमटतात की नाहीत, हे तर त्याच्याही पुढचे. ही किरकिर वाटेल, पण ज्या कार्यालयाची भाषा मराठी आहे तिथे हीच पहिली तपासणी हवी.

आणि बोटांचे काय? रेमिंग्टनच्या कळपाटावर टंकलेखनाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या माणसाचा हात डोळे मिटून चालतो. त्याला एका सोमवारी सकाळी इनस्क्रिप्टचा वेगळा कळपाट शिकायला सांगणे म्हणजे डाव्या हाताने सही करायला सांगण्यासारखे आहे. प्रशिक्षण म्हणून सभागृहात दोन तासांचे सादरीकरण होते, चहा-बिस्किटे होतात, हजेरीपटावर सह्या होतात. दुसऱ्या दिवशी तो माणूस जुन्याच प्रोग्राममध्ये मसुदा टंकतो, नव्या संचात चढवतो आणि साहेबांना ‘क्लाउडवर टाकलंय, सर’ म्हणून कळवतो. कागदोपत्री स्थलांतर पूर्ण.

अशा स्थलांतराची सर्वात मोठी शिकवणी जर्मनीतल्या म्युनिक शहराने घेतली आहे. २००३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने विंडोज सोडून लिनक्सकडे जायचे ठरवले, तेव्हा महापौर क्रिस्टियान उडे यांची मनधरणी करायला मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून आले होते. पालिका बधली नाही. एकेका विभागाचे नमुने आणि मॅक्रो निस्तरत २०१३ पर्यंत जवळपास १५,००० संगणक हलवले गेले. आणि २०१७ मध्ये त्याच पालिकेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. इतर कार्यालयांकडून येणाऱ्या फायली नीट उघडत नाहीत, अशी कर्मचाऱ्यांची कुरकुर होती, राजकारणही होते. मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतले मुख्यालय मधल्या काळात म्युनिक शहरात आणले होते, त्याचा याच्याशी किती संबंध यावर तिथले लोक आजही भांडतात.

त्याच देशातले श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य आता तीच वाट पुन्हा चालते आहे. २०२४ मध्ये त्याने सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांना लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस संचावर आणायचे ठरवले आणि २०२५च्या ऑक्टोबरात ४०,००० हून अधिक मेलपेट्या, त्यांतल्या दहा कोटींवर नोंदींसह, मायक्रोसॉफ्टबाहेर काढल्या. वाटेत मेल अडकल्याच्या, उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी झाल्याच. पण त्या राज्याने एक गोष्ट आधी पक्की केली: कागद ओडीएफ या खुल्या स्वरूपात ठेवायचे. ज्याची रचना जाहीर आहे, जे कोणत्याही कंपनीचा प्रोग्राम उघडू शकतो, असे हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या लिब्रेऑफिसही नको झाले तरी कागद अडकून पडणार नाहीत.

भारताला हे सुचले नव्हते असे मुळीच नाही. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फाइल-रचनेला आंतरराष्ट्रीय मानक ठरवण्याविरुद्ध भारताने मत दिले होते. २०१० मध्ये केंद्राने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही काढले. धोरण फायलीत राहिले, आणि ती फाइलसुद्धा बहुधा वर्डमध्येच असावी. झोहोची आज्ञावलीही खुली नाही, ती कंपनीची मालमत्ता आहे. त्यात गैर काही नाही. पण सात वर्षांचे कंत्राट संपताना सगळे कागद खुल्या स्वरूपात, अमुक दिवसांत, जादा पैसे न घेता परत मिळतील, असे कलम असणे आणि दर वर्षी एका विभागापुरती त्याची रंगीत तालीम होणे, हे मालक चेन्नईचा असो वा सिएटलजवळचा, सारखेच गरजेचे आहे.

‘क्लाउड’ या शब्दानेही घोळ घातला आहे. ढग म्हटले की काहीतरी अधांतरी, न जळणारे, न भिजणारे डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ढगाला पत्ता असतो: ऐरोली, महापे, पनवेल. गार हवेच्या मोठ्या दालनांत रांगेने लावलेली यंत्रे, त्यांना वीज, पाणी, डिझेल आणि पहारेकरी. जे इमारतीत असते ते जळू शकते, हे महाराष्ट्राने २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या आगीत पाहिले. त्यानंतर कागद संगणकात घालण्याची घाई सुरू झाली आणि ती योग्यच होती.

दक्षिण कोरियाने पुढचा अंक पाहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा ‘जी-ड्राइव्ह’ तिथे होता. कामाचे कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता त्यावरच ठेवावेत, असा दंडक होता. ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा म्हणून तिची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. ज्या खात्याने हा नियम सर्वात कडकपणे पाळला, त्याचेच सर्वाधिक नुकसान झाले. आग विझल्यावर अधिकारी कागद शोधायला लागले ते कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर चुकूनमाकून उरलेल्या फायलींत, एकमेकांना पाठवलेल्या मेलमध्ये आणि कपाटांतल्या छापील प्रतींत.