वाचायचं सोडून सगळं काही

अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेच्या निकालपत्रावर जो आकडा कुठेच छापलेला नसतो, नेमका तोच आपल्याकडे घराघरांत तोंडपाठ असतो. तीनशेवीस. कुणाच्या मुलाला तीनशेवीस, कुणाच्या मुलीला तीनशे सव्वीस, आणि तीनशे दहावर अडकलेल्या भाच्याचा विषय निघाला की आवाज खाली येतो. परीक्षा घेणारी ईटीएस ही अमेरिकी संस्था भाषेचे गुण वेगळे देते, गणिताचे वेगळे. दोन्ही १३० ते १७० या पट्टीवर. ही मापं स्वतंत्र आहेत, स्वतंत्रच बघा, असं ती विद्यापीठांना बजावून सांगते. आम्ही या दोन मापांची बेरीज करतो. उंची आणि वजन यांची बेरीज करून स्थळ सुचवणारा मध्यस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही, पण ही बेरीज करून विद्यापीठं सुचवणारे कन्सल्टंट पुण्यात बोर्ड लावून बसलेत.

या बेरजेत काय लपतं, ते पाहा. गणितात १६५ मिळवणारा साधारण वरच्या तिसऱ्या हिश्शात असतो. भाषेत १६५ मिळवणारा वरच्या पाच-सहा टक्क्यांत. गणितात पैकीच्या पैकी, म्हणजे १७०, मिळाले तरी पर्सेंटाइल नव्वदीच्या थोडंच पुढे सरकतं, कारण भारतातली आणि चीनमधली पोरं तिथे दाटीवाटीने उभी आहेत. म्हणजे ज्या बाजूला गर्दी, तिथे आपण आणखी धक्काबुक्की करतो, आणि जी बाजू मोकळी आहे तिकडे पाठ फिरवून ‘व्हर्बल आपल्या मुलांना जमत नाही हो’ असं कौतुकाने सांगतो. हो, कौतुकानेच. इंग्रजी कच्चं असणं हे गणित पक्कं असल्याचं प्रमाणपत्र आहे, असा आपला समज आहे.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात गणित शिकवलं. आता घरीच या परीक्षेसाठी मोजकी मुलं घेते, त्यामुळे क्लासवाल्यांना मी आवडत नाही आणि मला ते. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे: ही परीक्षा दोन्ही अंगांनी वाचनाची परीक्षा आहे. भाषेच्या भागात वाचन तपासतात, गणिताच्या भागातही वाचनच तपासतात. आणि ‘प्रॅक्टिस’ या नावाखाली आपण मुलांना जे विकतो, ते वाचन टाळण्याचं सामान आहे.

आधी शब्दांच्या याद्या घेऊ. एके काळी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारत, जोड्यांची नाती विचारत. तेव्हा साडेतीन हजार शब्दांची बॅरन्सची यादी घोकणं निदान समजण्यासारखं होतं; प्रश्नच तसा होता. ऑगस्ट २०११मध्ये परीक्षा बदलली. विरुद्धार्थी शब्द गेले, जोड्या गेल्या, गुणांची पट्टीही बदलली. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली पोरं आता इंजिनिअर होऊन माझ्यासमोर बसतात आणि त्यांच्या हातात अजून यादीच असते. फरक इतकाच की आता ती मोबाइलवर आहे. पीएमटीच्या बसमध्ये उभं राहून अंगठ्याने कार्ड सरकवायचं, हिरवं झालं की पुढचं. संध्याकाळी आई विचारते, ‘आज किती झाले?’ मुलगा म्हणतो, ‘साठ.’ घरात समाधान.

आजच्या भाषेच्या भागात २७ प्रश्न असतात, दोन तुकड्यांत मिळून ४१ मिनिटं. जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवर. उरलेल्यांत वाक्यातल्या रिकाम्या जागा, एक, दोन किंवा तीन. आणि सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे, की दोन्ही वाक्यं सारख्याच अर्थाची व्हावीत. तीन रिकाम्या जागांपैकी दोन बरोबर आल्या तर गुण शून्य. यात शब्द माहीत असावेच लागतात, मी नाही म्हणत नाही. पण मुलं अडतात ती शब्दावर नाही. हे वाक्य बघा, मीच केलंय: ‘समीक्षकांनी कादंबरीची भरभरून स्तुती केली असली, तरी त्यांच्या लेखांवरून ती त्यांनी वाचली असावी असं मात्र ____.’ मराठीत रिकामी जागा कुणीही भरेल, आणि गालातल्या गालात हसेलही. हेच वाक्य इंग्रजीत द्या. आमचा विद्यार्थी ‘स्तुती’पाशी थांबतो, पर्यायांत स्तुतीसारखाच एखादा भारदस्त शब्द दिसला की खूण करून मोकळा. ‘असली तरी’, ‘मात्र’ हे शब्द यादीत नसतात ना! ज्या छोट्या शब्दांवर अख्खं वाक्य वळतं, ते त्याने ओलांडलेले असतात. ते पाठ करायची कार्डं कुणी छापत नाही, कारण त्यांचा अर्थ सगळ्यांना येतो. येत नाही ते वाक्य.

उताऱ्यांचं तर विचारूच नका. मजकूर बहुधा एकाच परिच्छेदाचा. विषय प्रवाळ, मध्ययुगातला व्यापार, एखाद्या चित्रकाराबद्दलचा वाद, असं काहीही. आधीचं ज्ञान लागत नाही. प्रश्न असतो: तिसरं वाक्य लेखकाने कशासाठी लिहिलं? स्वतःचं मत म्हणून, की जे खोडायचंय ते मांडण्यासाठी? क्लासमध्ये याची ट्रिक सांगतात: आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात त्यातला शब्द शोधा, शब्द सापडला की आजूबाजूची ओळ म्हणजे उत्तर. ही पद्धत मुलांना नवीन नाही. दहावीला धड्याखालच्या प्रश्नातला शब्द धड्यात शोधून तिथली दोन वाक्यं उतरवली की मार्क मिळत. बारावीला अपेक्षित प्रश्नसंच. इंजिनिअरिंगला परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या नोट्स. एकवीस-बावीस वर्षांचं पोर होतं तोवर एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न वाचता पदवी मिळण्याची चोख व्यवस्था आपण केलेली आहे. आणि मग तीन महिन्यांत ‘व्हर्बल इम्प्रूव्ह’ करायचं म्हणे. पी हळद आणि हो गोरी.

मराठी माध्यमाच्या मुलांना तर आधीच घाबरवून ठेवलेलं असतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्याने मराठीतून का होईना, भरपूर आणि लांबलचक वाचलंय, दिवाळी अंकातला पंधरा पानांचा लेख ज्याने कंटाळून मिटला नाही, त्याला लेखक कुठे दुसऱ्याचं म्हणणं सांगतोय आणि कुठे त्याची खिल्ली उडवतोय हे कळतं. शब्द कमी पडतात, ते भरून निघतात. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकून फाडफाड इंग्रजी बोलणारा आणि दोन मिनिटांच्या रीलपलीकडे कशातच न रमणारा मुलगा उताऱ्याच्या चौथ्या ओळीला दमतो. त्याच्यासाठी माझ्याकडे कुठलीच यादी नाही.

आता गणित. इथे तर आपली मान आणखी ताठ. इंजिनिअरिंगच्या एम-थ्री या गणिताच्या पेपरात लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडवून आलेल्या मुलाला आठवी ते दहावीचं गणित म्हणजे हातचा मळ. अभ्यासक्रम खरंच तेवढाच आहे: अंकगणित, थोडं बीजगणित, भूमिती, सरासरी, शक्यता, आलेख. कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. शिवाय पडद्यावर कॅल्क्युलेटर दिलेला. मग चुका कुठे होतात?

मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न देते. क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. अ बाजूला क्षचा वर्ग, ब बाजूला क्ष. मोठं कोण? पर्याय चार: अ मोठं, ब मोठं, दोन्ही सारखे, किंवा दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. मुलगा दोन घालून बघतो, तीन घालून बघतो, खात्रीसाठी पाच घालतो, आणि ‘अ’ म्हणून पेन ठेवतो. एक घातला तर दोन्ही सारखे. अर्धा घातला तर ब मोठा. ‘पण मॅडम, पूर्णांक असेल ना?’ अरे, कुठे लिहिलंय पूर्णांक? दाखव बोट ठेवून. तो बोट ठेवायला जातो आणि मग गप्प होतो. हा मुलगा गणितात कच्चा नाही. त्याने न लिहिलेलं वाचलं आणि लिहिलेलं वाचलं नाही.

भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, हे सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. तरी काटकोन दिसतोय म्हणून काटकोन धरणारे निम्म्याहून जास्त. आलेखात वाटा २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेला, तर वाढ किती टक्के? ‘पाच.’ पंचवीस, बाळा. हे प्रश्न लिहिणारी माणसं बेरकी आहेत; त्यांनी पाच हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. किंमत आधी २० टक्क्यांनी वाढली, मग २० टक्क्यांनी उतरली, तर काय झालं? याला क्लासने सूत्र दिलंय. शंभरचे एकशेवीस, एकशेवीसचे शहाण्णव, एवढं तोंडी करायच्या ऐवजी मुलगा सूत्र आठवत बसतो, आणि आठवलं नाही की कॅल्क्युलेटर उघडतो. दोन मूळ संख्यांची बेरीज विषम आहे असं सांगितलं, की एक क्षण थांबून ‘म्हणजे त्यातली एक दोन असलीच पाहिजे’ असं म्हणणारा विद्यार्थी मला अजूनही क्वचित भेटतो. थांबणं ही गोष्टच शिकवलेली नाही. ‘एका प्रश्नाला दीड मिनिट’ एवढंच घोकून घेतलंय.

परीक्षेची रचनाही अशी, की पहिला तुकडा कसा सोडवला त्यावर दुसरा किती कठीण येणार हे ठरतं. घाईघाईत पहिल्या तुकड्यात सोपे प्रश्न घालवणाऱ्याला पुढे जास्त गुणांची वाटच आखडती होते. हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही मॉकवर मॉक. आज मॉक, परवा मॉक, रविवारी महामॉक. दिलेल्या मॉकमधल्या चुका उघडून पाहणं, त्या का झाल्या हे वहीत लिहिणं, याला वेळ नाही. चुकलेल्या प्रश्नाला पोरांकडे एक सोयीचं नाव आहे, ‘सिली मिस्टेक’. दर वेळी तीच सिली, दर वेळी त्याच जागी.

निबंधाबद्दल दोनच शब्द. त्याचे सगळे विषय ईटीएस स्वतःच जाहीर करून ठेवते, कुणीही बघावेत. आपली पोरं ते वाचत नाहीत, टेम्पलेट पाठ करतात, ज्यात कुठलाही विषय बसतो. सप्टेंबर २०२३मध्ये परीक्षा पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आणली गेली, तेव्हा दुसऱ्याच्या युक्तिवादातली खोट दाखवायचा निबंध गळाला. सगळ्या परीक्षेत मला तोच एक भाग मनापासून आवडायचा. तो गेल्याचा आनंद मात्र सगळीकडे झाला. फी काही निम्मी झाली नाही, ना ईटीएसची, ना क्लासची.

मला ठाऊक आहे, कुणी तरी म्हणणार की या परीक्षेचं महत्त्वच आता संपत चाललंय. खरं आहे. २०१४मध्ये केसी मिलर आणि कीव्हन स्टासन या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत या परीक्षेवर सणसणीत लिहिलं, पुढे २०१७मध्ये व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी दाखवलं की जीवविज्ञानाच्या पीएचडीत कोण पुढे चमकेल ते हे गुण सांगू शकत नाहीत. अनेक विभागांनी अट काढून टाकली. ठीक. पण याचा उपयोग आपल्याकडे कसा होतो, ते ऐका: ‘ऑप्शनल आहे, म्हणजे नाही दिली तरी चालते.’ आणि लगेच क्लासची जाहिरात: ‘ऑप्शनल आहे, म्हणून तर दिलीच पाहिजे.’ परीक्षा गेली म्हणून वाचता येऊ लागेल, असं काही नाही. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन गेलेल्या मुलापुढे तिथला प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात तीन शोधनिबंध टाकतो आणि गुरुवारी विचारतो, यातला दुसरा पहिल्याशी कुठे भांडतो? तिथे हिरवं होणारं कार्ड नसतं.

एवढं सगळं ऐकून पालक विचारतात, मग करायचं काय? काही गुप्त नाही. ईटीएसच्या संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट आहेत, अस्सल प्रश्नांच्या. गणिताची शंभरेक पानांची उजळणी पुस्तिका फुकट आहे, उदाहरणांसकट, आणि अक्षरशः तिच्या बाहेरचं काही विचारत नाहीत. मी हे मागच्या बॅचमधल्या एका मुलाला सांगितलं. तो आधीच एका क्लासचे हप्ते भरत होता. त्याने पुस्तिका मोबाइलवर उघडली, एकदा खालपर्यंत सरकवली आणि विचारलं,

‘मॅडम, याचे व्हिडिओ नाहीत का?’

‘आहेत. खान अकॅडमीचे. तेही फुकट.’

तो थोडा विचारात पडला. मला वाटलं, क्लासला भरलेल्या पैशांचा हिशेब करतोय.

‘बरं,’ तो म्हणाला, ‘मग त्यातले आयएमपी कोणते, तेवढे सांगून ठेवा.’