एका शब्दाची मिरासदारी

इंग्रजीच्या समृद्धीचा दाखला म्हणून ‘सेट’ हा शब्द पुढें करण्याची वहिवाट आहे. ऑक्सफर्डच्या थोर कोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तींत या एका क्रियापदाचे सुमारें ४३० अर्थ दिले आहेत, हें खरें. परंतु त्यावरून ‘मराठींत असा एक तरी शब्द दाखवा!’ असें आव्हान आमचेच सुशिक्षित बंधु देतात, तेव्हां आम्हांस त्यांची कींव येते. भूक लागते, आग लागते, ठेंच लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, सूर लागतो. कोणी कोणाचा मामा लागतो आणि कोणास वेडही लागतें. घरांत एवढें धन असतां शेजाऱ्याच्या तिजोरीकडे टक लावून बसणें यास काय म्हणावें?

शब्द परका, एवढ्यावरून आमचा त्याच्याशीं दावा नाहीं. आमच्या करवीरनगरींत तो मानानें आला. महाराष्ट्र फिल्म कंपनींत बाबूराव पेंटर यांनीं रंगविलेल्या पडद्यांच्या जागीं भरीव देखावे उभे केले. १९२९ सालीं येथेंच ‘प्रभात’ निघाली. नव्या वस्तूबरोबर तिचें नांव आलें, यांत वावगें काय?

वावगें आहे तें पुढचें. आज गुजरींत सराफाकडे दागिन्यांचा ‘सेट’ मागतात. आणि हें कोठें, तर ज्या शहराच्या नांवाचा साज महाराष्ट्रभर मिरवतो तेथें! दहीं ‘सेट’ होतें, केस ‘सेट’ होतात, मुलगाही धंद्यांत ‘सेट’ होतो. पूर्वीं दहीं लागे, केस बसत, मुलाचा जम बसे. ‘अर्थ कळला म्हणजे झालें’, असें यावर उत्तर मिळतें. पण इंग्रजींत हा शब्द स्वतःच्या पायांनीं चालतो. मराठींत तो ‘करणें’ व ‘होणें’ यांच्या खांद्यावर बसून हिंडतो आणि वाटेंत भेटेल त्या जिवंत क्रियापदास हुसकून लावतो. ही समृद्धि नव्हे, उघड उघड दिवाळखोरी होय.

येथील राजाराम महाविद्यालयांत फारसी शिकविणाऱ्या माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथही त्यांनींच लिहिला. परक्या शब्दाची ज्यास खरी पारख, त्यासच तो कोठें नको हें कळतें. आमचें मागणें त्याच विवेकाचें आहे. ‘सेट’ चित्रपटगृहाच्या कारखान्यांत सुखानें नांदो. दहीं मात्र लागूं द्यावें.